यानवाले, टॉवेलवाले आणि जामखेडचा फेटा

"यानवाला आहे, पण माणूस चांगला आहे."

हे वाक्य माझा दादा आमच्या आप्पांना म्हणाला होता. केडगावच्या घरी, नळाशी पाय धुता धुता. सुनीलचं स्थळ माझ्यासाठी आलं होतं आणि सुनील हा दादाचाच कॉलेजातला मित्र. आप्पांनी घाबरून विचारलं, "यानवाला म्हणजे? काही व्यसन आहे का?" दादानं थोडा विचार केला आणि म्हणाला, "तसंच म्हणा."

ज्यांच्या घरात ही बाधा शिरलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. हिंदीत डब होऊन येणारे मोठे इंग्रजी सिनेमे दोन जातींचे असतात. एकात माणसं अंतराळयानातून हिंडतात, दुसऱ्यात पाठीला कापड बांधून उडतात. दोन्हींत शहरं पडतात आणि दोन्ही कधी संपत नाहीत. नगरच्या कॉलेजात पहिल्यांच्या चाहत्यांना यानवाले म्हणत आणि दुसऱ्यांच्या चाहत्यांना टॉवेलवाले. सिनेमांची खरी नावं मी इथे लिहिणार नाही. मागे एकदा पुरणपोळीच्या पोस्टमध्ये ओझरता उल्लेख केला होता, तर खाली कमेंटमध्ये पोळ्यांचं कुणी नावही काढलं नाही, तीन दिवस नुसती खणाखणी.

माझा नवरा यानवाला, माझा दादा टॉवेलवाला. दोघंही पन्नाशीला टेकलेत. दोघांनाही वाचायला चष्मा लागतो. आमच्या लग्नातला काचेचा डिनर सेट माळ्यावर आहे आणि शोकेसमध्ये प्लास्टिकची सतरा यानं आहेत, त्यांची धूळ रंगाच्या ब्रशनं पुसली जाते. दादाकडे यानांच्या जागी बाहुले आहेत. मी त्यांना एकदा बाहुले म्हटलं तर दादा जेवणावरून उठला होता.

तरी कॉलेजपासून प्रत्येक सिनेमाचा पहिला शो दोघांनी शेजारी बसून पाहिला. बाहेर येऊन भांडायचे, मग भेळ खायचे. त्या भांडणाची मला सवय होती. सवय झाली नाही ती गप्प बसण्याची. आप्पा गेले त्या आठवड्यापासून दादा सुनीलशी बोलत नाही. दादाला कारण विचारलं की म्हणतो, "त्याला विचार." सुनीलला विचारलं की म्हणतो, "मी काय केलं? सिनेमाचा शेवट सांगितला, एवढंच." पूर्वी दादा त्याला 'सुन्या' म्हणायचा. आता कुठल्या लग्नाकार्यात समोर आलाच तर 'सुनीलराव' म्हणतो, आणि ते ऐकताना मला अनोळखी माणसाच्या घरी पाणी प्यायल्यासारखं वाटतं.

अशात जामखेडहून बातमी आली. तिथल्या कुणा उत्साही मंडळींनी एका मंगल कार्यालयात यानवाले विरुद्ध टॉवेलवाले असा सवाल-जवाबाचा सामना ठेवला होता. सुनीलनं नाव दिलं. दादानंही दिलं. दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचा शेवट सारखा होता: "त्याला सांगू नकोस."

मी सांगितलं. आणि जाहीर केलं की एकच गाडी जाईल, मी चालवणार, ज्याला पटत नसेल त्यानं आपल्या यानानं यावं.

शनिवार: पुणे, केडगाव, खर्डा

पुण्यातून सकाळी लवकर निघालात तर वाघोलीची कोंडी टळते. आम्ही निघालो नाही, कारण सुनीलला टी-शर्ट सापडत नव्हता. सापडला तो पोटावर असा ताणून बसला की त्यावरचं यान आडवं जाण्याऐवजी वर निघालं होतं. शिरूरला चहा घेतला. पाट्यांवर सगळीकडे अहिल्यानगर लिहिलंय, चहावाला मात्र "नगरला चालला का?" असंच विचारतो.

पुण्याकडून येताना केडगाव आधी लागतं, त्यामुळे दादाला घ्यायला शहरात शिरावं लागलं नाही. तो हायवेच्या कडेला सॅक घेऊन उभा होता. मागचं दार उघडून बसला आणि आरशात माझ्याकडे बघून म्हणाला, "वैशू, एसी जरा कमी करायला सांग त्यांना."

एसीचं बटण सुनीलच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. "दादा म्हणतोय एसी कमी कर," मी म्हटलं.

"त्याला सांग, मागच्या खिडकीत ऊन येतंय म्हणून वाढवला होता. त्याच्यासाठीच."

"मला ऊन चालतं, सांग."

पुढचा दीड तास मी या दोन प्रौढ पुरुषांमधली टेलिफोन ऑपरेटर होते.

नगरहून जामखेडचा रस्ता एकंदरीत बरा आहे, मध्ये काम चाललंय तिथे खडी आणि डायव्हर्जन. हा रस्ता गमतीचा आहे. कडा, आष्टी करत तो बीड जिल्ह्यात शिरतो आणि जामखेडला पुन्हा आपल्या जिल्ह्यात येतो. बायकांसाठी एक सूचना: स्वच्छतागृहाचं काम नगर सोडण्याआधीच उरकून घ्या, पुढे नशिबावर आहे. आष्टीच्या पुढे एका ढाब्यावर हुलग्याची शेंगोळी आणि बाजरीची भाकरी मिळाली. लसणाचा असा खमंग वास की दोघांनी एकाच वेळी आणखी एक वाटी मागितली आणि एकाच वेळी दुसरीकडे बघितलं.

लॉजवर सामान टाकून आम्ही खर्ड्याला गेलो. जामखेडपासून गाडीनं अर्धापाऊण तास. किल्ला भुईकोट आहे, चढण नाही, गुडघे दुखणाऱ्यांनीही जरूर जावं. बाहेरून तटबंदी इतकी भक्कम की आत मोठं काहीतरी असणार असं वाटतं. आत गवत, एक मशीद, विहीर, थोडी पडझड आणि भरपूर आकाश. मला अशा जागा आवडतात. संध्याकाळचं ऊन तटावर तिरकं पडलं होतं आणि पोपटांचा थवा बुरुजावर उतरत होता. सुनीलनं मधल्या मोकळ्या जागेत पावलं टाकून मोजमाप केलं आणि जाहीर केलं की इथे मधल्या आकाराचं यान सहज उतरेल. दादा लांबून मला म्हणाला, "त्यांना सांग, खालची विहीर धरली नाही त्यांनी हिशोबात." याच मातीवर मराठे आणि निजाम समोरासमोर आले होते. त्यांच्याकडे निदान भांडायला काहीतरी खरं होतं.

दरवाज्याबाहेर एक बाई पेरू विकत होती. तिनं बराच वेळ आमचा तमाशा बघितला असावा. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "भांडनं हायती व्हय दोघांची?"

"हो."

"जमिनीवरनं?"

"सिनेमावरनं."

पेरू कापता कापता ती थांबली. "आन् तुमी त्यांला गाडीत घालून हिंडवताय?" मग माझ्या पेरूला तिनं तिखटमीठ जरा जास्तच लावलं. दयेनं असावं.

मी अर्धा पेरू घेऊन तटावर दादाजवळ जाऊन बसले. सुनील खाली फोटो काढत होता. मी म्हटलं, "दादा, एका सिनेमाचा शेवट. एवढ्यासाठी तू माझ्या घरी यायचं सोडलंस?"

दादा बराच वेळ पेरूच्या बिया तोंडात घोळवत बसला.

"आप्पांना आयसीयूत नेलं त्याच दिवशी तो सिनेमा लागला," तो म्हणाला. "मी मनात धरलं, आप्पा घरी आले की बघायचा. बाहेर त्या बाकावर बसून दुसरं काय करणार? तेवढंच धरून बसलो होतो. मी जोवर बघत नाही, तोवर सगळं तसंच राहील. म्हणजे, होईल नीट. तुला हसू येईल."

मला आलंच होतं. ते मी पेरूबरोबर गिळलं.

"मग सुन्या आला डबा घेऊन. माझं तोंड बघून त्याला वाटलं, याला रमवावं. अख्खी स्टोरी सांगितली त्यानं. मी नको नको म्हणतोय तर म्हणतो, 'ऐक रे, शेवटी तो मरतोच.'" दादानं उरलेला पेरू खाली गवतात भिरकावला. "दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा गेले."

"आणि सिनेमा?"

"अजून बघितलेला नाही. उद्या टॉवेलवाल्यांच्या बाजूनं पहिल्या खुर्चीवर मी बसणार आणि आमचाच शेवटचा सिनेमा मी बघितलेला नाही. कुणाला कळलं तर चपलेनं मारतील."

एकोणपन्नास वर्षांचा माणूस. कंपनीत तीस जण हाताखाली. पाठीला टॉवेल बांधून उडणाऱ्या गड्यावर त्यानं बापाचा जीव टांगून ठेवला होता. माझ्या मनात हे सगळं तिरकसपणे येऊन गेलं. मग आठवलं की त्याच आठवड्यात मी आप्पांचा चष्मा स्वच्छ पुसून माझ्या पर्समध्ये ठेवला होता, डिस्चार्जच्या दिवशी लागेल म्हणून. तो अजून त्याच कप्प्यात आहे.

रविवार: जामखेड

सकाळी स्टँडजवळ मिसळ खाल्ली. तर्री मागाल तशी मिळते, पाव गरम. दादा आंघोळीला थांबला होता, म्हणून मी सुनीलला सगळं सांगून टाकलं. सांगू नकोस असं दादानं या वेळी म्हटलं नव्हतं.

सुनीलनं चमचा खाली ठेवला. "मी त्याला हसवायला गेलो होतो," तो म्हणाला. मग पाव मोडता मोडता, "नको नको म्हणत होता, हे खरंय." आणि मग त्यानं आणखी तर्री मागितली, कारण भावना आवरायचा दुसरा मार्ग त्याला येत नाही.

मंगल कार्यालयाच्या दारावर आदल्या दिवशीच्या लग्नाची झेंडूची तोरणं तशीच होती. प्रवेश शंभर रुपये, त्यात चहा आणि वडापाव. वरपक्षाच्या खोलीत यानवाले कपडे बदलत होते, वधूपक्षाच्या खोलीत टॉवेलवाले. कपडे म्हणजे काय, ते विचारू नका. एका गृहस्थांनी छातीला ॲल्युमिनियमचं पातेल्याचं झाकण बांधलं होतं आणि ते मोबाईलवर बायकोला गॅस सिलिंडरचा नंबर कुठे लिहिलाय ते सांगत होते. दुसऱ्या बाजूला शिक्षकी पेशातले एक गंभीर सर सोलापुरी चादर पाठीला सेफ्टी पिननं लावून घेत होते. साधारण दीडशे माणसं, त्यात बायका मोजक्या. त्यातल्या बहुतेक माझ्यासारख्याच, गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन बसलेल्या.

सगळ्याची सूत्रं शबानाताई शेख यांच्या हातात. जामखेडला मोबाईल दुरुस्तीचं त्यांचं दुकान आहे, आणि गिऱ्हाइकं काउंटरवरच भांडतात म्हणून हा सामना त्यांनी सुरू केला. पूर्वी इकडे शाहिरांचे कलगी-तुऱ्याचे सामने व्हायचे, त्यातल्या रिती त्यांनी उचलल्यात. शेजारी हलगीवाला बसवलेला. जवाब बिनतोड आला की हलगी कडाडते.

"नियम ऐका," शबानाताईंनी माईक हातात घेतला. "आईवर जायचं न्हाई. हिरोच्याबी आईवर न्हाई. सवाल सोडला की बाजू हरली. आन् हरल्यानं जितल्याला सोताच्या हातानं फेटा बांधायचा. रडायचं असंल तर भायेर."

सुरुवात चादरवाल्या सरांनी केली. "आभाळात हवा नाही. मग तुमच्या यानांचे भोंगे ऐकू कसे येतात?"

यानवाल्यांतून एक ट्रॅक्टर शोरूमवाला तरुण उठला. "सर, भोंगा सोडा. तुमचा गडी डोळ्याला येवढुशी पट्टी बांधतो आन् त्याची बायकूबी त्याला वळखत न्हाई? माझा बाप मला हेल्मेटमधी नुसत्या चालीवरनं वळखतो!"

हलगी कडाडली. सर चादर सावरत खाली बसले.

"यानात डिझेल कुठं भरता?" "तुमचा गडी उडतो तवा टॉवेल तोंडावर कसा येत न्हाई?" "शहर पाडलं त्याची भरपाई कुनी दिली? आमच्याकडं गारपिटीचीबी वेळेवर मिळत न्हाई!" असं दोन तास चाललं. माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, एकाचा बीपी वाढला, त्याला पंख्याखाली बसवून लिंबूसरबत पाजलं, आणि तो सरबताचा ग्लास हातात घेऊन पुन्हा ओरडू लागला. इतकी तळमळ, इतकं पाठांतर, इतका बारीक विचार. यातला चिमूटभर यांनी घरच्या वाणसामानाला लावला असता तर मी या सगळ्यांच्या पाया पडले असते.

शेवटची जोडी दादा आणि सुनील. प्रथेप्रमाणे आधी समोरच्याची ओळख करून द्यायची असते. दादानं माईक हातात घेतला.

"समोर आमचे मेहुणे आहेत," तो म्हणाला. "यानवाले आहेत."

आणि थांबला. तिसऱ्या रांगेत मी खुर्चीच्या कडेवर आले. 'पण' आला नाही. दादानं घसा खाकरून सरळ पहिला सवाल टाकला.

दोघं तोडीस तोड होते, ते मान्य करावंच लागेल. बरोबरी झाली. तेव्हा शबानाताईंनी निकालाचा सवाल चिठ्ठीतून काढला. चिठ्ठी सुनीलच्या वाट्याला आली.

"यानवाल्यांना सवाल. टॉवेलवाल्यांच्या शेवटच्या सिनेमात गडी मरताना शेवटचं काय करतो, आन् ते बरोबर का चूक?"

सगळे यानवाले खूश झाले. एवढा सोपा सवाल! सुनीलला तो सिनेमा शत्रूपक्षाचा असला तरी तोंडपाठ आहे. घरी भांडी घासताना मी तो शेवट त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलाय की मीही सांगू शकेन.

सुनील उठला. माईक तोंडाशी नेला. समोर दादा बसला होता, मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. दवाखान्यातल्या बाकावर तो असाच बसायचा.

"हा सवाल मी सोडतो," सुनील म्हणाला.

क्षणभर कुणाला कळेना. मग यानवाल्यांत हलकल्लोळ. "अवो साहेब, येतंय तुमाला!" "विकले गेले का काय!" पातेल्याचं झाकण छातीवरून काढून जमिनीवर आपटलं गेलं. शबानाताईंनी दोनदा विचारलं, "सोडला? नक्की?" सुनीलनं मान हलवली. तो माझ्याकडे बघतही नव्हता. हलगी वाजली, टॉवेलवाले नाचू लागले. दादा मात्र बसूनच राहिला. मान वर करून तो सुनीलकडे बघत होता.

आता फेटा. गुलाबी, लांबलचक. सुनीलला फेटा बांधता येत नाही. आमच्या लग्नात त्याला आप्पांनी बांधला होता. आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात फेटे आप्पाच बांधायचे आणि कापडाचं दुसरं टोक ताणून धरायला दादा असायचा. सुनीलनं दादाच्या डोक्याभोवती ते कापड कसंबसं गुंडाळलं. पहिल्यांदा ते नाकावर आलं. दुसऱ्यांदा दादाचे दोन्ही कान आत गेले. तिसऱ्यांदा सगळं सुटून गळ्यात पडलं आणि कार्यालय हसून लोळायला लागलं. सुनीलच्या कपाळावर घाम. मलाही हसू आलं होतं, आणि त्याच वेळी पर्सच्या आत माझा हात त्या चष्म्यावर होता.

शेवटी दादानं कापड ओढून घेतलं. झटकलं, मधोमध घडी पकडली आणि वर न बघता म्हणाला, "सुन्या, टोक धर."

सुनीलनं टोक धरलं. पाच पावलं मागे जाऊन ताणून धरलं, आप्पांसमोर दादा धरायचा तसं. दादा आपल्याच डोक्यावर पीळ चढवत चढवत त्याच्याकडे सरकत गेला. शेवटचा पदर खोचला तेव्हा दोघांत हातभर अंतर उरलं होतं.

"हे चालत नाही!" चादरवाले सर ओरडले. "हरल्यानं बांधायचा!"

"टोक धरलंय ना त्यांनी?" शबानाताई म्हणाल्या. "चालतंय. बसा खाली."

दादानं फेटा नीट केला. "आभारी आहे, सुनीलराव," तो म्हणाला, आणि वडापाव घ्यायला निघून गेला.

परत

येताना जामखेडमधून खव्याचे पेढे घ्या, दोन दिवसांत संपवा. केडगावपर्यंत दादानं फेटा काढला नाही, त्यामुळे मागची काच मला दिसत नव्हती. उतरताना त्यानं पेढ्यांचा एक पुडा पुढच्या सीटवर सरकवला. सुनीलच्या मांडीवर की माझ्या पर्सवर, ते नेमकं सांगता यायचं नाही. दोन्हींच्या मध्ये.

घरी येऊन चार दिवस झाले. मागच्या सीटला फेट्याचा गुलाबी रंग लागलाय, साबणानं निघत नाही. काल घरच्या ग्रुपवर सुनीलनं आपणहून लिहिलं, "सवाल सोडणं म्हणजे हरणं नव्हे." दोन मिनिटांत दादाचं उत्तर: "हरलेले असंच म्हणतात." तेव्हापासून ते दोघं थांबलेले नाहीत. टॉवेल कुठल्या कापडाचा असावा यावर आत्ता, मी हे लिहीत असताना, बासष्टावा मेसेज आला. मूर्ख आहेत दोघंही. यापुढे शोकेस मी पुसणार नाही, हे माझं ठरलंय.

दादा, तू हे वाचणार आहेस, कारण तू माझं सगळं वाचतोस आणि शुद्धलेखन काढतोस. एक मागणं आहे. ते वाक्य पुन्हा एकदा म्हण. आप्पांना म्हणाला होतास तसं, पण या वेळी त्याच्या तोंडावर. नाही म्हणशील, माहीत आहे. जामखेडला माईकवर अर्धं म्हणालोय, तेवढं पुरे, असं म्हणशील आणि फोन ठेवून देशील.

उरलेलं अर्धं म्हण, दादा.